सोडा ब्रेड: शेजारच्या ओट्यापासून गावच्या प्रदर्शनापर्यंत

आयर्लंडमध्ये उन्हाळा आला की गावोगावी शेती प्रदर्शनं भरतात. इथं त्यांना नुसतं ‘शो’ म्हणतात. गाईगुरं, मेंढ्या, घोडे, जुने ट्रॅक्टर हे सगळं मैदानावर असतं आणि एका मोठ्या मंडपात घरगुती गोष्टींच्या स्पर्धा असतात: जॅम, विणकाम, गुलाब, अंडी, कांदे आणि ब्रेड. पूर्व कॉर्कमध्ये आम्ही राहतो तिथल्या शोमध्ये मागच्या जुलैत मी ‘व्हाइट सोडा केक’ या वर्गात नाव दिलं. नावात केक असला तरी तो साधा पांढरा सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्यानं फुगणारा ब्रेड असतो, त्यात साखरेचा कणही नसतो.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की इथं नव्यानं आलेली आपली माणसं दोन गोष्टी नेहमी विचारतात. भाड्याच्या घरातल्या ओव्हनवर भरवसा कसा ठेवायचा, आणि गावच्या अशा कार्यक्रमात आपण बाहेरचे असून भाग घेऊ शकतो का. मलाही हेच प्रश्न होते, आणि नीट उत्तर कुठं एका जागी मिळालं नव्हतं.

सुरुवात मेमध्ये झाली. आमच्या शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडं रविवार सोडला तर रोज सकाळी ब्रेड होतो. मी ‘शिकवाल का?’ असं विचारल्यावर त्यांनी कृती लिहून दिली नाही. ‘सकाळी साडेआठला ये आणि ओट्यापाशी उभी राहा,’ एवढंच म्हणाल्या. गेले. त्यांनी ओव्हन आधीच लावून ठेवला होता, २३० अंशांवर. मग पीठ चाळलं, मीठ घातलं, सोडा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळत चोळत पिठात सोडला, मध्ये खळगा केला, ताक ओतलं, आणि मला नीट कळायच्या आत ब्रेड ओव्हनमध्ये गेलासुद्धा. ताक ओतल्यापासून ओव्हनचं दार बंद होईपर्यंत पाचेक मिनिटंही गेली नसतील.

ही घाई उगीच नसते. सोडा ब्रेडमध्ये यीस्ट नाही. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि त्या बुडबुड्यांवरच ब्रेड फुगतो. हे काम ओलावा लागताक्षणी सुरू होतं. पीठ भिजवून फोन घ्यायला गेलात तर वायू ओट्यावरच निघून जातो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि तिचा काही भाग उष्णतेनं पुन्हा जागा होतो, त्यामुळं ती थोडी थांबू शकते. नुसता सोडा थांबत नाही. म्हणून ओव्हन आधी तापवायचा, ट्रेवर पीठ आधी भुरभुरायचं, सुरी हाताशी ठेवायची, आणि ताक सगळ्यात शेवटी.

ब्रेड भाजला जात असताना बाई त्यांच्या आजीबद्दल बोलत होत्या. आजीकडं ओव्हन नव्हता. पायांचं, झाकणाचं जड बिडाचं भांडं होतं, त्याला बॅस्टिबल म्हणतात. टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट मातीच्या, विस्तवावर ते टांगायचं आणि झाकणावरही निखारे ठेवायचे, की खालून-वरून सारखी आच. आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड घराघरात गेला तो एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या दशकापासून पुढं. इथल्या ओलसर, थंड हवेत पिकणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी. यीस्टच्या ब्रेडला लागणारा चिवटपणा त्या पिठाला येत नाही, पण सोड्याला तेच पीठ मानवतं. लोणी घरोघरी घुसळलं जायचं म्हणून ताक होतंच. सोडा स्वस्त, टिकाऊ. आणि चुलीवरचं एक भांडं पुरेसं होतं. उत्तरेकडं, अल्स्टरमध्ये, याच पिठाची जाड पोळी करून तिचे चार तुकडे तव्यावर भाजतात. त्यांना फार्ल म्हणतात. आपल्यापैकी ज्यांना ओव्हन नकोच वाटतो त्यांनी फार्लपासून सुरुवात करायला हरकत नाही, जाड बुडाचा तवा आणि मंद आच एवढंच लागतं.

मग माझी खरेदी. दुकानात पिठाच्या फळीपुढं गोंधळ होतो म्हणून नावं देते. पांढऱ्या ब्रेडसाठी ‘क्रीम फ्लावर’ किंवा ‘प्लेन फ्लावर’ घ्यायचं. ‘स्ट्राँग’ लिहिलेलं पीठ यीस्टच्या ब्रेडचं असतं आणि ‘सेल्फ रेझिंग’मध्ये फुगवणारी पूड आधीच घातलेली असते. ही दोन्ही नकोत. खाण्याच्या सोड्याच्या डबीवर इथं ‘ब्रेड सोडा’ असं लिहितात. ताक म्हणजे ‘बटरमिल्क’, दुधाच्याच कपाटात मिळतं. दोन किलो पीठ अडीच युरोच्या आसपास, लिटरभर ताक दीड युरो, सोड्याची डबी दीड युरोपर्यंत आणि ती महिनोन्‌महिने पुरते. विजेसकट एक ब्रेड दीड-पावणेदोन युरोत घरी पडतो. महागडं काही विकत घ्यावं लागत नाही: परात चालते, ट्रे ओव्हनबरोबर आलेला असतो.

इथलं बाटलीतलं ताक आपल्या ताकासारखं पातळ नसतं. ते विरजण लावून दाट केलेलं कमी स्निग्धांशाचं दूध असतं. मी आईला साताऱ्यात फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मग लोणी काढलेलं ताक दोन दिवस ठेवून आंबट कर आणि पाणी कमी घाल.’ तिचं बरोबर आहे. बाईंच्या आजीच्या काळात वापरत ते ताकही लोणी काढून उरलेलंच होतं. भारतात करणाऱ्यांनी आंबट दही घुसळून अगदी थोड्या पाण्यात ताक करावं. दाट पण ओतता येईल इतपत हवं. गोडं ताक घेऊ नका, आम्ल कमी पडलं की सोडा तसाच उरतो आणि ब्रेडला साबणासारखी चव येते, कापल्यावर पिवळट डाग दिसतात. क्रीम फ्लावरच्या जागी मैदा चालतो. चक्कीची कणीक मात्र जास्त ताक पिते, कारण जात्यात पिठातला स्टार्च जास्त फुटतो. कणीक वापरायचीच असेल तर निम्मी मैद्यात मिसळा आणि ताक हाताला लागेल तसं वाढवा.

प्रमाण सांगते, हेच मी अजून वापरते. ४५० ग्रॅम पीठ, एक सपाट चहाचा चमचा मीठ, एक सपाट चहाचा चमचा सोडा, ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. बॅलीमलूच्या स्वयंपाकशाळेच्या कृतीतही साधारण हेच प्रमाण असतं. बॅलीमलू आमच्यापासून जवळच, शॅनगॅरीला. मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये तिथं आपल्या शेतघरातच जेवणगृह सुरू केलं आणि घरच्या ब्रेडला, गावच्या लोण्याला पाहुण्यांच्या टेबलावर मानाची जागा दिली. हॉटेलात जेवायचं तर आमच्यासारख्यांना विचार करून जावं लागतं, पण ब्रेड काय असतो हे कळण्यासाठी एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

सोडा सपाट चमचाच घ्यायचा. उंच भरलेला चमचा घेतला तर फुगणं वाढत नाही, चव मात्र जाते.

आता हातांबद्दल, कारण आपल्या घरातल्या माणसाला खरी अडचण इथंच येते. लहानपणापासून आपण कणीक मळतो. तिंबतो, मुठीनं दाबतो, झाकून ठेवतो, पुन्हा मळतो. पीठ हातात आलं की हात आपोआप तेच करतात. सोडा ब्रेडला मळायचं नाही. मळलं की ग्लुटेन आवळतं, आतले बुडबुडे दबतात आणि ब्रेड विटेसारखा जड होतो. बाईंनी मला बोटं ताठ आणि फाकवून ठेवायला लावली आणि मनगट परातीच्या मध्यापासून कडेकडे गोल फिरवायला सांगितलं. एकदा गोल, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि पीठ जमलेलं असतं. ते खडबडीत, मऊ, जरा चिकट असतं. आपल्या डोळ्यांना ते अर्धवट दिसतं आणि मळायची इच्छा होते. थांबायचं. ओट्यावर पीठ भुरभुरून त्यावर गोळा उलटायचा, हात धुवून कोरडे करायचे, कडा हलक्या हातानं आत सारायच्या, गोळा पालथा करायचा आणि दीड इंच उंचीचा होईल इतपत थापायचा. भाकरी थापणाऱ्या हाताला हे थापणं पटकन जमतं, फक्त जोर अजिबात नको.

मग क्रॉस. सुरी पिठात बुडवून या कडेपासून त्या कडेपर्यंत, चांगली खोल चीर, आणि तिला आडवी दुसरी. चिरांमुळं उष्णता मध्यापर्यंत जाते आणि ब्रेड कुठंही वेडावाकडा फाटत नाही. शिवाय चारही भागांत सुरीच्या टोकानं एकेक टोचा मारतात, पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून. नाहीतर त्या ब्रेडला दृष्ट लावतात असं इथं म्हणतात. बाई हे अगदी गंभीरपणे करतात आणि मीही तसंच करते.

भाजणं: २३० अंशांवर पंधरा मिनिटं, मग २०० वर आणून आणखी पंचवीस ते तीस. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्ही आकडे वीसनं कमी. झाला की नाही हे पाहायला ब्रेड उलटा करून तळावर बोटांनी टकटक करायची. आवाज पोकळ आला पाहिजे. पहिल्यांदा हा आवाज ओळखू येत नाही. बाईंच्या ब्रेडवर आणि माझ्या ब्रेडवर लागोपाठ टकटक करून मी तो कानात बसवला.

माझ्या घरचा ओव्हन हा वेगळाच विषय झाला. इथल्या बहुतेक घरांत ओव्हनचा मोठा लाल खटका भिंतीवर वेगळा असतो, तो बंद असेल तर ओव्हनवरची बटणं कितीही फिरवा, काही होत नाही. नव्या घरात आलात तर हा खटका आधी शोधा. आमचा चालू होता, पण ब्रेड वरून रंग घ्यायचा आणि आत ओलसर राहायचा. ओव्हनमध्ये लटकवायचा थर्मामीटर साधारण नऊ युरोंना आणला. बटण २३० वर असताना काटा २०० च्या अलीकडंच थांबत होता. घरमालकांच्या एजन्सीला ईमेल केला, फोटो जोडले. आठवड्यानं उत्तर आलं, त्यानंतर माणूस यायला आणखी दोन आठवडे. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, आम्हाला खर्च पडला नाही. भाड्याच्या घरातली दुरुस्ती लेखीच कळवा, तारखेसह, आणि काट्याचा फोटो जोडा. ‘ओव्हन नीट चालत नाही’ या वाक्यापेक्षा फोटोचा उपयोग होतो. दुरुस्तीची वाट पाहताना मी बटण पुढं सरकवून काट्यावर लक्ष ठेवून भाजत राहिले आणि जमलंसुद्धा. थर्मामीटर असेल तर वाईट ओव्हनशीही निभावता येतं.

जूनच्या सुरुवातीला शोची छापील पुस्तिका गावातल्या दुकानात आली. पिवळ्या कव्हरची, पुढं दुकानदारांच्या जाहिराती आणि मागं वर्गांची यादी. घरगुती विभागात ब्रेडचेच कितीतरी वर्ग: पांढरा सोडा केक, ब्राउन सोडा ब्रेड गोल, ब्राउन सोडा ब्रेड टिनमधला, मनुका घातलेला, मुलांनी केलेला. प्रत्येक वर्गाला क्रमांक. नियम बारीक अक्षरात, पण ते वाचाच. आमच्याकडचे असे होते: पदार्थ स्पर्धकानं स्वतः केलेला हवा, पांढऱ्या वर्गात फळ, साखर, अंडं नको, ब्रेड अख्खा आणावा, साध्या पांढऱ्या कागदी थाळीवर, थाळीवर नाव कुठंही नको, फक्त वर्ग आणि स्पर्धक क्रमांकाचं कार्ड, सकाळी साडेदहापर्यंत मांडणी पूर्ण, संध्याकाळी पाचच्या आत काहीही उचलायचं नाही.

पुस्तिकेत सचिवांचा फोन होता. दोन दिवस मी तो लावला नाही. मनात शंका होती की हे गावच्या कुटुंबांचं असतं, आपण का जावं. शेवटी लावला आणि विचारलं की भाग कोण घेऊ शकतं. ‘ज्याच्याकडं ब्रेड आहे तो,’ असं उत्तर आलं. आयआरपी कार्डासाठी, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यासाठी, तीनशे युरो आणि कागदांची चळत घेऊन बसलेल्या माणसाला या उत्तराचा आनंद काय असतो ते आपल्यातलेच समजू शकतील. ना ओळखपत्र, ना पत्त्याचा पुरावा. एका पानाचा अर्ज: नाव, फोन, वर्ग क्रमांक. फी वर्गाला दोन युरो, रोख. अर्ज शोच्या दहा दिवस आधीपर्यंत दुकानात ठेवलेल्या पेटीत टाकायचा. उशिरा आलेला घेत नाहीत, त्यावर ते ठाम असतात. मी मुदतीच्या बऱ्याच आधी टाकला. स्पर्धक क्रमांकाची कार्डं शोच्या आदल्या संध्याकाळी मंडपात मिळाली.

शो जुलैच्या शेवटच्या रविवारी होता. सोडा ब्रेड त्याच दिवशी खायचा पदार्थ आहे, दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडायला लागतो. म्हणून आदल्या रात्री भाजायचा विचारही करू नका. पहाटे सहाला ओव्हन लावला, साडेसहाला ब्रेड आत, सव्वासातला बाहेर. घरी खायचा असेल तर तो स्वच्छ पंच्यात गुंडाळतात, वाफेनं कवच मऊ राहतं. स्पर्धेला कवच खुसखुशीत हवं असतं, त्यामुळं जाळीवर उघडाच ठेवून पूर्ण निववला. गरम ब्रेड डब्यात घातला की तळ घामेजतो, हे लक्षात ठेवा. नऊला निघालो तेव्हा गाडीत तो ब्रेड माझ्या मांडीवर होता आणि नवरा प्रत्येक वळण हळू घेत होता.

मंडपात लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरा कागद. माझ्या वर्गात माझ्याआधीच ओळ लागलेली होती. सगळे ब्रेड एकाच कृतीचे आणि तरीही एकही दुसऱ्यासारखा नाही: कुणाचा क्रॉस रुंद उघडलेला, कुणाचा जेमतेम, कुणावर पीठ दाट भुरभुरलेलं, कुणाचा रंग फिका सोनेरी तर कुणाचा गडद. मी थाळी ठेवली, कार्ड टेकवलं. शेजारी थाळी ठेवणाऱ्या आजोबांनी माझ्या ब्रेडकडं पाहून ‘छान उंची आहे’ म्हटलं आणि आपल्या ब्रेडच्या चिरेतलं जास्तीचं पीठ फुंकरीनं उडवलं. अकरा वाजता सगळ्यांना बाहेर काढून परीक्षण सुरू होतं. मंडप दुपारी एकला पुन्हा उघडला.

मधल्या वेळेत पोट ढवळत होतं हे लिहायला मला संकोच नाही. मैदानावर गाई बघितल्या, चहा प्यायला, पुन्हा गाई बघितल्या.

उघडल्यावर पाहिलं तर प्रत्येक ब्रेडचा एक पाव भाग कापलेला, आतला भाग दिसेल असा ठेवलेला. बक्षिसाची कार्डं तीन ब्रेडांवर होती, माझ्यावर नव्हतं. परीक्षक बाई अजून तिथंच होत्या आणि लोक त्यांना विचारत होते, म्हणून मीही विचारलं. त्यांनी माझा ब्रेड उचलून आधी तळ दाखवला, मग आतली जाळी. जाळी सारखी आहे, सोड्याचे डाग नाहीत, चव चांगली आहे, असं म्हणाल्या. तळ मात्र फिका. पहिल्या क्रमांकाचा ब्रेड उलटा करून त्यांनी त्याचा तळ बाजूला धरला, तेव्हा फरक मला स्पष्ट दिसला: त्याचा तळ वरच्या कवचाइतकाच तांबूस होता. त्यांचा उपाय सोपा होता. ट्रे ओव्हनबरोबरच तापू द्यायचा आणि ब्रेड त्या गरम ट्रेवर ठेवायचा. शेवटची पाच मिनिटं ब्रेड पालथा करून थेट जाळीवर भाजायचा. परीक्षक काय पाहतात तेही त्यांनी न विचारता सांगितलं: आकार सारखा, क्रॉस स्पष्ट, कोरड्या पिठाच्या गुठळ्या नाहीत, आत ओलसरपणा नाही, सोड्याची चव वर येत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी परीक्षकांना जरूर विचारावं. त्यांना लोकांनी विचारलेलं आवडतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तेव्हापासून तळ पालथा भाजते आणि कवच दोन्हीकडून सारखं येतं. उरलेला ब्रेड संध्याकाळी काप करून गोठवते, सकाळी काप थेट टोस्टरमध्ये. लोण्याबरोबर तो उत्तम लागतोच, पण तिळकूट आणि तुपाबरोबरही आमच्याकडं संपतो. बक्षीसपात्र गोष्टीच खाण्यालायक असतात असं थोडंच आहे.

यंदा ब्राउन सोडा ब्रेडच्या वर्गातही नाव द्यायचं ठरवलं आहे. त्यासाठी जाडसर कोंड्याचं होलमील पीठ निम्मं आणि क्रीम फ्लावर निम्मं घेते आहे, ताक थोडं जास्त लागतं आणि भाजायला पाच-दहा मिनिटं अधिक. तुमच्या भागातल्या शोची पुस्तिका मे-जूनमध्ये किराणा दुकानाच्या काउंटरवर किंवा पोस्टात बघा. अर्जाची शेवटची तारीख पहिल्या एक-दोन पानांवर असते. सोबत दोन युरोची सुटी नाणी ठेवा, पेटीपाशी कुणाकडं मोड नसते.